दूध पुरतंय का? पहिल्या सहा आठवड्यांत काय मोजायचं, काय करायचं

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ रात्रभर रडतं, आईची छाती अजून मऊच असते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, “पोर्‍याले दूध पुरत नही, वरचं द्या.” जळगाव असो, शिरपूर असो की नवापूर, हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं. बहुतेक वेळा आईला दूध कमी नसतं. पण शंकेपोटी पहिलं वरचं दूध दिलं की बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी बनतं आणि आठ-दहा दिवसांत शंका खरी होऊन बसते. म्हणून पाव वाटीही वरचं देण्याआधी मोजून घ्या. मोजायच्या गोष्टी दोनच: लंगोट आणि वजन.

लंगोट मोजा

आत किती गेलं ते दिसत नाही, बाहेर किती आलं ते दिसतं. पहिल्या दिवशी एक शू आणि एक शी, दुसऱ्या दिवशी दोन-दोन, तिसऱ्या दिवशी तीन-तीन, एवढं पुरे. पाचव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू झाली पाहिजे. ती पाण्यासारखी फिकट हवी आणि तिला उग्र वास नसावा. कापडी लंगोट किती ओला असावा हे कळत नसेल, तर कोरड्या लंगोटावर दोन मोठे चमचे पाणी ओता आणि हातात धरून पाहा. डायपर वापरलात तर हा हिशेब चुकतो, निदान पहिले दोन आठवडे तरी कापडच वापरा.

शीचा रंग संख्येइतकाच महत्त्वाचा. पहिले दोन दिवस डांबरासारखी काळी, तिसऱ्या दिवशी हिरवट आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळसर, बारीक दाणे असलेली. पाचव्या दिवशीही काळीच असेल तर बाळाच्या पोटात दूध कमी जातंय. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसला तर घाबरू नका. चौथ्या दिवसानंतरही तो दिसत राहिला तर मात्र बाळाला अंगावरचं कमी मिळतंय, त्याच दिवशी दाखवा. पुढे सहा आठवड्यांनंतर काही बाळं तीन-चार दिवस शी करत नाहीत. शू नीट होत असेल, पोट मऊ असेल आणि वजन वाढत असेल तर त्यासाठी एरंडेल किंवा घुटी लागत नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत शूसाठी रेघ आणि शीसाठी टिंब काढा. रात्रीचं आठवत नाही, म्हणून पेन्सिल उशाशीच ठेवा. हे काम बाळाच्या बापाकडे द्यायला हरकत नाही.

वजन

जन्मानंतर बाळाचं वजन आधी उतरतं. सात टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची. घट दहा टक्क्यांकडे जाऊ लागली तर बाळाला आणि पाजण्याच्या पद्धतीला जाणकार माणसाने पाहायला हवं. २,८०० ग्रॅमचं बाळ चौथ्या दिवशी २,६०० वर आलं तर ते ठीक आहे. २,५२० वर आलं तर थांबू नका. प्रसूतीच्या वेळी आईला सलाईनच्या बऱ्याच बाटल्या लागल्या असतील, तर बाळाच्या अंगातही पाणी जास्त असतं. असं बाळ पहिल्या दिवशी भरपूर शू करतं आणि घट असते त्यापेक्षा मोठी दिसते. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

दहा ते चौदा दिवसांत वजन जन्माइतकं परत यावं. तिथून पहिले तीन महिने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला १५०-२०० ग्रॅम वाढ हवी. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात आणि त्यांच्याकडे वजनकाटा असतो. काटा दर वेळी तोच असावा, झोळी अडकवून आधी शून्यावर आणावा आणि बाळ उघडं करूनच तोलावं. झबलं, टोपरं आणि दुपटं मिळून दोनशे ग्रॅम सहज भरतात. म्हणजे एका आठवड्याची सगळी वाढ नुसत्या कपड्यांनी दिसू किंवा लपू शकते. रोज वजन करू नका. एका शूने काटा हलतो आणि विनाकारण धास्ती लागते.

ज्यावरून काहीच ठरत नाही

पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावतं. चीक तेवढाच येतो आणि तेवढाच लागतो. ‘पिवळा, खराब’ म्हणून तो पिळून टाकू नका, त्यातच रोगांशी लढणारी द्रव्यं सर्वांत जास्त असतात. दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात. सिझेरियन झालं असेल, रक्तस्राव जास्त झाला असेल किंवा आईला मधुमेह असेल तर आणखी एखादा दिवस.

सहा आठवड्यांच्या सुमाराला छाती पुन्हा मऊ होते, दूध गळणं थांबतं. दूध आटलं असं वाटतं, पण बाळाला लागेल तेवढंच बनवायला अंग शिकलेलं असतं. संध्याकाळी पाच ते दहाच्या दरम्यान बाळ दर अर्ध्या तासाला मागतं आणि किरकिरतं, तेही या वयात नेहमीचं. दुसरा-तिसरा आठवडा, सहावा आठवडा आणि तिसरा महिना या सुमारास दोन-तीन दिवस बाळ एकदम जास्त पितं, कारण ते वाढीला लागलेलं असतं. पंपात दोन चमचेच दूध आलं म्हणून तेवढंच बनतं असं नाही. बाळाचं तोंड पंपापेक्षा कितीतरी चांगलं काम करतं. आणि अंगावर पिऊन झाल्यावर बाळाने बाटलीतलं ३० मिली ओढलं, यावरून ते उपाशी होतं असं ठरत नाही. लहान बाळाच्या तोंडात थेंब पडत राहिले की ते गिळतच राहतं. वरचं दूध सुरू होण्यामागे ही शेवटची गैरसमजूत सर्वांत जास्त असते.

तोंड नीट लागलंय का?

लंगोट कमी भरत असतील तर पहिली तपासणी इथेच करा. दूध असतं, पण बाळाच्या तोंडात नुसतं बोंड असतं, अशी परिस्थिती फार वेळा असते. बोंड चोखून दूध येत नाही. बोंडाभोवतीचा काळा भाग तोंडात जाऊन जबड्याने दाबला गेला की येतं.

भिंतीला पाठ टेकून बसा, मांडीवर उशी घ्या. बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं हवं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत, मान वळलेली नको. बाळाला मानेखाली आणि खांद्यांखाली धरा. डोक्यामागून ढकललं तर बाळ मागे जोर लावतं. नाक बोंडासमोर आणा, बोंड वरच्या ओठावर फिरवा आणि जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबा. उघडलं की क्षणात बाळाला छातीकडे आणा, आधी हनुवटी टेकली पाहिजे. छाती बाळाकडे नेऊ नका, पाठ वाकते आणि पकड सुटते.

बरोबर लागलं असेल तर हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग वरच्या ओठाच्या बाजूला जास्त दिसणारा असतो. पहिल्या काही ओढींत कळ आली तर चालेल, नंतर दुखता कामा नये. गालांना खळ्या पडत असतील, चटचट आवाज येत असेल किंवा सुटलेलं बोंड लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं, चपटं दिसत असेल तर पकड चुकली. बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी आत घालून सोडवा आणि पुन्हा लावा. एका पाजण्यात चार-पाच वेळा पुन्हा लावावं लागलं तरी चालेल. चुकीच्या पकडीने अर्धा तास पाजलं तर बोंडाला चिरा पडतात आणि बाळ उपाशी राहतं.

नंतर गिळण्याकडे लक्ष द्या. सुरुवातीला भराभर चोखणं, मग दूध उतरलं की संथ लय: ओढ, थांबा, गिळण्याचा हलका आवाज. गिळणं थांबून नुसतं चुळबुळ चोखणं सुरू झालं की छाती हाताने दाबून धरा, म्हणजे पुन्हा घोट येतात. ते थांबले की हात सोडा, जागा बदलून पुन्हा दाबा. ही साधी गोष्ट झोपाळू बाळासाठी फार उपयोगी पडते. एक बाजू बाळ स्वतः सोडेपर्यंत पाजा, मग दुसरी द्या. घड्याळ लावून दहा-दहा मिनिटांनी बाजू बदलू नका, शेवटचं स्निग्ध दूध राहून जातं.

टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाला काखेखालून, त्याचे पाय तुमच्या पाठीकडे जातील असं धरा.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती दगडासारखी होते, बोंड सपाट पडतं आणि बाळाला पकडताच येत नाही. बाळ रडतं आणि घरचे म्हणतात दूध नाही, जेव्हा दूध नको तितकं असतं. कोमट ओलं फडकं दोन-तीन मिनिटं ठेवा. मग बोंडाभोवती पाचही बोटांची टोकं ठेवून छातीच्या दिशेने मिनिटभर दाबून धरा. काळा भाग मऊ झाला की थोडं दूध हाताने काढा आणि लगेच बाळाला लावा. पाजून झाल्यावर गार फडकं ठेवा.

तीन दिवसांचा नेम

दूध काढलं जातं तेवढंच नव्याने बनतं, उपसल्या जाणाऱ्या विहिरीच्या झऱ्यासारखं. साठून राहिलं तर बनणं मंदावतं. म्हणून वाढवायचं तर जास्त वेळा रिकामं करायचं, दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

तीन दिवस आईने बाळाखेरीज दुसरं काही हातात घेऊ नये. भाकरी, धुणं आणि पाहुण्यांचा चहा घरचे बघतील. पाचवीला आलेल्या बायकांनाही थोड्या वेळाने खोलीबाहेर बसवा. चोवीस तासांत निदान ८ ते १२ वेळा पाजा. दिवसा तीन तासांपेक्षा आणि रात्री चार तासांपेक्षा जास्त खंड नको. रात्री दूध बनवणारं संप्रेरक जास्त स्रवतं, म्हणून “आईला झोपू द्या, रात्रीचं आम्ही पाजतो” ही मदत उलटी पडते. झोपलेल्या बाळाचं दुपटं काढा, लंगोट बदला, तळपाय चोळा. दुपारी तासभर बाळाला फक्त लंगोटात आईच्या उघड्या छातीवर ठेवा. उन्हाळ्यात वरून नुसतं पातळ मलमल पुरे.

दिवसातून पाच-सहा वेळा पाजून झाल्यावर हाताने दूध काढा. हात साबणाने धुवा. अंगठा वर आणि बोटं खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवा. आधी छातीकडे मागे दाबा, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. कातडीवरून बोटं घसरू देऊ नका आणि बोंड ओढू नका. मिनिटभर काहीच येणार नाही, मग थेंब, मग धार. जागा फिरवत एकेका बाजूला पाच मिनिटं काढा आणि निघालेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. बोंडलं उकळून घेतलेलं हवं. ते बाळाच्या ओठाला टेकवा, घशात ओतू नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लंगोट वाढलेले दिसायला हवेत. आठवड्याने वजन करा.

वरचं दूध आधीच सुरू असेल तर

एकदम बंद करू नका. बाळाचं वजन आधीच कमी असेल तर ते धोक्याचं आहे. दिवसभरात एकूण किती मिली जातं ते लिहा. आधी दोन्ही बाजूंनी पाजा, मग वरचं, आणि तेही वाटीने. बाटली आणि तिचं रबरी बोंड बाजूला ठेवा. दिवसाच्या एकूण दुधातून ३० ते ५० मिली कमी करा, दोन-तीन दिवस लंगोट पाहा, ठीक असेल तर पुन्हा तेवढंच कमी. आठवड्याला वजन वाढत नसेल तर तिथेच थांबा आणि दाखवा. पूर्ण सुटायला दोन ते चार आठवडे लागू शकतात.

डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडर द्यावी लागली तर डब्यातलाच चमचा वापरा, सपाट भरा, पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घ्या. डबा पुरवावा म्हणून पातळ केलेल्या दुधाने बाळाचं पोट भरतं आणि वजन उतरतं. गाईचं, शेळीचं किंवा पाणी घातलेलं म्हशीचं दूध या वयात नको. मध, साखरपाणी, जन्मघुटी, ग्राइप वॉटर काहीच नको. पाणीही नको. जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकला तरी नको. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा, थोडं-थोडं पितं, तेव्हा तेवढ्या वेळा पाजा.

आईचं खाणं-पिणं

मेथीचे, डिंकाचे, हळिवाचे लाडू, शेपूची भाजी, खोबरं हे सगळं खाऊ द्या. त्यातून उष्मांक, लोह आणि स्निग्धांश मिळतात. पण लाडूंनी दूध उतरत नाही, ते बाळाच्या ओढण्यानेच उतरतं. दिवसाला दोन लाडू खाऊन दर पाच तासांनी पाजलं तर उपयोग नाही. शतावरी कल्पाचंही तेच. मेथी औषधासारखी मुठीने घेऊ नका. मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा.

पाजणाऱ्या आईला रोज साधारण ५०० ते ६०० उष्मांक जास्त लागतात. म्हणजे एक ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, वाटीभर घट्ट वरण, एक ग्लास दूध आणि मूठभर शेंगदाणे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, नुसती पेज-भात द्यायचा, ही प्रथा सोडा. तहान लागेल तेव्हा पाणी, आणि पाजायला बसताना शेजारी भरलेला तांब्या. तहान नसताना बळेच लिटरभर जास्त पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही. तिखटाची भाजी किंवा वांग्याचं भरीत तिला सोसत असेल तर बाळालाही चालतं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, चहासोबत नाही आणि कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही. वैशाखात बंद खोलीत शेगडी लावू नका. धूर आणि उष्मा दोघांनाही बाधतो.

मिसरी लावत असाल तर ती बंद करा. तंबाखूतलं निकोटिन दूध कमी करतं आणि दुधातून बाळापर्यंतही जातं.

खरोखर कमी असेल तेव्हा

काही आयांना दूध खरंच कमी येतं. हा त्यांचा दोष नाही आणि त्यांना टोमणे मारून ते वाढतही नाही. पकड बरोबर, दिवसाला दहा वेळा पाजणं, तरी आठवडाभरात लंगोट आणि वजन वाढलं नाही तर कारण शोधायला हवं. वारेचा तुकडा गर्भाशयात राहिला असेल तर दूध नीट उतरत नाही, सोबत रक्तस्राव लांबलेला असतो. प्रसूतीत फार रक्त गेलं असेल, हिमोग्लोबिन खूप कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल किंवा पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा त्रास) असेल तरी असं होतं. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) या तपासण्या मागून घ्या. गरोदरपणात छातीत काहीच बदल झाला नव्हता किंवा छातीवर शस्त्रक्रिया झालेली आहे, हेही सांगा. बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड आहे का, तोंडातली टाळू फाटलेली आहे का, हे तोंड उघडून पाहायला सांगा. ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ ओढायला कमी पडतं, त्याच्यासाठी दूध काढून पाजणं हाच पहिला मार्ग.

एक कारण फार वेळा नजरेआड राहतं: गर्भनिरोधक गोळी. माला-एनमध्ये इस्ट्रोजेन असतं आणि ते दूध कमी करतं. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ती घेऊ नका. तांबी, छाया गोळी किंवा सहा आठवड्यांनंतर अंतरा इंजेक्शन पाजणाऱ्या आईला चालतं. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्याही टाळा. दूध वाढवणारी डॉम्पेरिडोन मेडिकलमधून स्वतःहून आणू नका. काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर तिचा परिणाम होतो.

त्याच दिवशी दवाखान्यात

बाळ ओढायचं थांबलं, उठवूनही उठत नाही, आठ तासांत एकही शू नाही, डोक्यावरची टाळू खोल गेली, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत आला, अंग तापलं (९९.५ फॅरनहाइटच्या वर) किंवा गार पडलं, तर घरचा कोणताही उपाय करत बसू नका. उन्हाळ्यात दूध कमी पडलेल्या बाळाला अंगातलं पाणी कमी होऊनही ताप येतो. ताप आहे म्हणून काढा पाजू नका. १०२ वर फोन करा, बाळाचं वय, शेवटचं केव्हा प्यायलं आणि शेवटची शू केव्हा झाली हे सांगा. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर गाडी यायला वेळ लागतो, तोवर बाळ आईच्या छातीशी लावून ठेवा, गिळत असेल तर काढलेलं दूध चमच्याने द्या. जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष असतो आणि सरकारी दवाखान्यात नवजात बाळाच्या उपचाराचे पैसे लागत नाहीत.

कामावर परतताना

कापूस वेचणी असो की केळीची बाग, बाळाला सोबत नेता आलं तर झाडाखालची झोळी उत्तम. नेता येत नसेल तर निघण्याआधी आणि आल्या-आल्या पाजा, मध्ये दर तीन तासांनी दूध काढा. छाती भरून तशीच ठेवली तर गाठी होतात आणि दूध उतरणीला लागतं. काढलेलं दूध झाकणाच्या उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात ठेवा. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकतं, फ्रिजमध्ये दाराशी न ठेवता आत २४ तास. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या घरात चार तासांचा भरवसा धरू नका, तासाभरात पाजा किंवा बर्फाचे पॅक ठेवलेल्या डब्यात ठेवा. पाजताना भांडं कोमट पाण्यात ठेवून ऊब आणा, गॅसवर तापवू नका. वाटीत उरलेलं बाळाचं उष्टं दूध पुन्हा साठवू नका. फ्रिजमध्ये वर तरंगलेली साय खराबीची नव्हे, भांडं हलक्या हाताने फिरवलं की मिसळते.